जागलीच्या वेळी फोन करा

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्याचा. आयटीआय करून चाकणच्या एका कारखान्यात लागलो. गावातले माझे चारही मित्र शेती करतात. आम्ही एकत्र डवरणी केली, कापसाच्या गाडीवर बसून जिनिंगला गेलो, रात्री शेतात जागलीला, म्हणजे पिकाच्या राखणीला राहिलो. आता मात्र फोन केला, की ‘जेवला काय?’ आणि ‘बाकी काय म्हणतं?’ एवढ्यावर बोलणे संपते. यंदा पोळ्याला गेलो, तर ‘साहेब आले’ म्हणून चेष्टा झाली. मैत्री टिकवायची कशी?

उत्तर : बोलणे आटले म्हणजे जिव्हाळा आटला, असे घाईने ठरवू नका. तुम्ही सांगितलेल्या आठवणींत निव्वळ गप्पांची एकही नाही. तुमची मैत्री कामातून झाली आणि बोलणे त्या कामाच्या ओघात होत राहिले. ते काम बाजूला काढून नुसते बोलणे फोनवर आणले, तर ते दोन वाक्यांत संपणारच. मानवी संबंधांचे ब्रिटिश अभ्यासक रॉबिन डनबार आणि सॅम रॉबर्ट्स यांनी शाळा सोडून पुढे गेलेल्या काही विद्यार्थ्यांची १८ महिने पाहणी केली होती. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, मुलींच्या मैत्रीला बोलण्याचा आधार मिळाला, तर मुलांच्या मैत्रीला एकत्र काही करण्याचा. पाहणी लहान होती आणि तिकडची होती, पण तुमच्या पत्राशी ती जुळते.

म्हणून फोन कामाच्या वेळेलाच जोडावा. हिवाळ्यात हरभऱ्यात रानडुकरे आणि रोही (नीलगायी) शिरतात, म्हणून तुमच्या मित्रांपैकी कोणी ना कोणी रात्री जागलीवर असणारच. कृषिपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली, की ओलितासाठीही जागावेच लागते. अशा माणसाला रात्री अकरानंतर सोबत हवी असते आणि दुसरी पाळी सुटलेल्या तुम्हालाही लगेच झोप येत नसते. रविवारी दुपारी, घरात पाहुणे बसलेले असताना केलेल्या फोनपेक्षा हा फोन लांबेल. मध्ये दहा मिनिटे कोणीच बोलले नाही, तरी तो ठेवू नये. शेतात रेंज नसेल, तर आवाजी निरोप पाठवून ठेवावा. गावाच्या वेशीत आल्यावर तो त्याला मिळेल.

विचारणेही नेमके असावे. ‘शेती कशी आहे?’ हा पाहुण्याचा प्रश्न झाला. ‘धुऱ्याकडच्या पट्ट्यात पुन्हा बोंडअळी दिसली का?’ हा त्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर उभ्या राहिलेल्या माणसाचा. तुमच्या पाळीची, सुपरवायझरची, खोलीतल्या स्वयंपाकाची हकिकतही तितक्याच तपशिलाने सांगा. आपले दिवस इतरांना कंटाळवाणे वाटतील, या समजुतीने शहरात गेलेली मुले गप्प बसतात आणि गावात त्याचा अर्थ ‘याला आता आपल्याशी बोलायचे नाही’ असा घेतला जातो.

‘साहेब’ ही चेष्टा मनाला लावून घेऊ नका. मात्र प्रत्येक वेळी चहाचे पैसे तुम्हीच देत असाल, तर ते थांबवा. एखादे कामही त्यांच्यावर टाका. आईला दारव्ह्याच्या दवाखान्यात नेण्यासारखी गोष्ट भावकीऐवजी मित्राला सांगितली, तर त्याला ओझे वाटण्यापेक्षा अधिकार वाटण्याचीच शक्यता जास्त आहे. चौघांशीही सारखे जमेल, अशी अपेक्षा नको. दोघे टिकले तरी पुष्कळ.

राहिला सुट्टीचा प्रश्न. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली गर्दी असते आणि तिथे तुम्ही नव्या कपड्यांतले पाहुणेच दिसता. त्याऐवजी आदल्या दिवशी, खांदमळणीला सकाळीच पोहोचा. बैल धुवायचे असतात, संध्याकाळी त्यांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळून ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ म्हणायचे असते. त्या वेळी हातांची गरज असते आणि कोण कुठून आले, हे कोणी विचारत बसत नाही. वर्षात एकच सुट्टी मिळणार असेल, तर ती दिवाळीपेक्षा कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत घ्यावी, असे माझे मत आहे. घरचे कुरकुर करतील. त्यांना आधीच कळवून ठेवा.