छातीत गाठ लागतेय आणि दुखतंय पण, कॅन्सर असेल का? (वय 34, देवगड)

दुखतंय म्हणजे कॅन्सरच असं नाही गं, उलट कॅन्सरची गाठ सुरुवातीला बरेचदा दुखतच नाही, म्हणून तर बायका अंगावर काढतात. पाळीच्या आधी आठवडाभर दोन्हीकडे जड होऊन दुखतं आणि पाळी आली की उतरतं, ते हार्मोन्सचं. पण पाळी होऊन गेल्यावरही गाठ तशीच असेल तर डॉक्टरला दाखवच. माझ्या जावेला आंब्याच्या सीझनमध्ये लागली होती, काजूच्या बीएवढी, बोटाखालून सुळकन सरकायची, आणि ही म्हणे पेट्या भरून झाल्या की बघू! मी ओढतच नेली, सोनोग्राफी आणि सुईची तपासणी झाली, साधी गाठ निघाली. (सुई टोचली की कॅन्सर पसरतो हे आपल्याकडचं खूळ आहे, खोटं आहे ते.)

गाठ कडक, एका जागी चिकटलेली, कातडी संत्र्याच्या सालीसारखी, बोंड आत ओढलेलं, त्यातून रक्त, नाहीतर काखेत गाठ, यातलं काहीही असेल तर पाळीबिळीची वाट न बघता लगेच जा. गाठीवर लेप लावत बसू नको. आणि बाळ अंगावर पीत असेल, लाल होऊन ताप आला असेल तर त्याच दिवशी दाखव.