केबल बंद करून स्ट्रीमिंग स्टिक घ्यावी का?

प्रश्न : आम्ही सिंहगड रस्ता परिसरात राहतो. केबलला महिन्याला ४५० रुपये जातात. ती बंद करून ५,००० रुपयांची स्ट्रीमिंग स्टिक (टीव्हीला जोडून इंटरनेटवरील ॲप दाखवणारे छोटे उपकरण) घ्यावी आणि तीन ॲपची मिळून वर्षाला ३,६०० रुपये वर्गणी भरावी, असा विचार आहे. मुलाच्या कामासाठी ब्रॉडबँड घरात आहेच. सासूबाई मराठी मालिका आणि बातम्या पाहतात. हा व्यवहार फायद्याचा ठरेल का?

उत्तर : आपल्या आकड्यांप्रमाणे केबलचे वर्षाला ५,४०० रुपये होतात आणि ॲपचे ३,६००, म्हणजे वर्षाकाठी १,८०० रुपये वाचतील आणि स्टिकची किंमत भरून निघायला सुमारे पावणेतीन वर्षे लागतील. तोवर वर्गण्यांचे दर आजच्याइतकेच राहतील असे यात गृहीत धरलेले आहे, आणि मी स्वतः तसे धरणार नाही. ब्रॉडबँडचा खर्च आपण हिशेबात घेतला नाही हे मात्र योग्यच आहे, कारण केबल असो वा नसो, तो होणारच.

माझा खरा आक्षेप तुलनेवर आहे. आपण ॲपच्या खर्चाची तुलना ४५० रुपयांच्या बिलाशी करत आहात, पण ते बिल तेवढेच असायला हवे का, हा प्रश्न आधी यायला हवा. २०१९ मध्ये लागू झालेल्या ट्रायच्या (दूरसंचार व प्रसारण सेवांच्या नियामक संस्थेच्या) नियमांनुसार ग्राहकाला हव्या त्या वाहिन्या सुट्या निवडता येतात. तरीही बहुतेक घरांत ऑपरेटरने एकदा लावून दिलेला पॅक कोणी उघडूनही न पाहता वर्षानुवर्षे चालू राहतो. नेटवर्क क्षमता शुल्कावरील, म्हणजे वाहिन्या घरापर्यंत पोहोचवण्यासाठी ऑपरेटर दरमहा घेतो त्या मूळ आकारावरील, १३० रुपयांची कमाल मर्यादा २०२४ मध्ये उठवण्यात आली, त्यामुळे आपल्या ऑपरेटरचा आजचा दर विचारून घ्यावा लागेल. उदाहरणापुरते १३० रुपयेच धरले, त्यात प्रत्येकी १९ रुपयांच्या तीन मराठी वाहिन्या मिळवल्या आणि १८ टक्के जीएसटी लावला, तर महिन्याचे बिल सुमारे २२१ रुपये होते. अनेक मराठी वृत्तवाहिन्या मोफत वाहिन्यांत मोडत असल्याने त्यांचे वेगळे पैसे पडत नाहीत.

असे बिल वर्षाला साधारण २,६५० रुपये होईल. म्हणजे काहीही विकत न घेता २,७५० रुपये वाचतात आणि त्याच्या तुलनेत ॲपचा पर्याय वर्षाला सुमारे ९५० रुपयांनी महाग पडतो, स्टिकचे पैसे वेगळेच. म्हणून बचत म्हणून हा निर्णय घेऊ नये, असे माझे मत आहे. घरातील तरुण मंडळींना वेब मालिका आणि चित्रपट हवे असतील तर स्टिक अवश्य घ्यावी, पण तो खर्च करमणुकीच्या खात्यात लिहावा. त्यात काहीही गैर नाही.

घ्यायचे ठरलेच, तर सासूबाई नेमक्या कोणत्या वाहिन्या पाहतात ते आधी विचारावे. झी मराठीच्या मालिका झी ५ वर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर, तर सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर असतात. त्यांच्या आवडीच्या मालिका एक-दोन ॲपमध्येच बसत असतील, तर तिसरी वर्गणी निव्वळ त्यांच्या नावावर घेण्याचे कारण उरत नाही. बातम्यांसाठी यूट्यूबवरील थेट प्रक्षेपण पुरेसे आहे. टीव्ही स्मार्ट असेल तर स्टिक लागणारच नाही, आणि जुना असेल तर त्याला स्टिक लावण्यासाठी एचडीएमआय जोडणी आहे ना, हे खरेदीपूर्वी पाहावे.

वर्गणी भरताना सवलतीचा पहिल्या वर्षाचा दर आणि पुढील नूतनीकरणाचा दर, दोन्ही लिहून ठेवावेत. ऑटो-पे सुरू असेल तर रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते, पण ती ज्या मोबाइलवर येते तो घरात कोण पाहतो, हेही ठरवावे. केबल लगेच कायमची तोडू नये; काही काळ सेवा तात्पुरती बंद ठेवण्याची विनंती ऑपरेटरकडे करावी आणि सासूबाईंना नवा रिमोट कोणाच्या मदतीशिवाय जमू लागल्यावरच सेट-टॉप बॉक्स परत करावा.