ताण तोडायचा दिवस

"मॅडम, दिवसरात्र राबून राहिलो, तरी काम सरकूनच नाही राहिलं. माझ्यातच काही खोट आहे का?"

नागपूरच्या धरमपेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न आता इतक्यांदा येतो की समोरच्याचं पहिलं वाक्य ऐकूनच पुढचं कळतं. मिहानमधली टीम लीडर असो की बुटीबोरीत शेड टाकणारा तरुण, येतात ते झोप लागत नाही म्हणून. खोदून विचारलं की निघतं ते एकच. नवं काम हाती घेतलंय, तारीख पुढं जातेय, आणि तारखेबरोबर स्वतःबद्दलचं मत खाली येतंय.

त्यातलेच एक भाऊ. नाव लिहीत नाही, तपशीलही थोडे बदललेत; नागपुरात 'भाऊ' कुणालाही चालतं. पस्तिशीचे, घरची संत्र्याची बाग. काटोल रोडवर संत्र्यांची प्रतवारी आणि पॅकिंगचं केंद्र उभारत होते. आंबिया बहाराची संत्री यायच्या आत, घटस्थापनेला ते सुरू करायचं होतं. माझ्याकडे आले ते मे महिन्यात, 45 अंशांच्या दुपारी, हेल्मेटखालचा दुपट्टा न सोडताच बसले.

"या आठवड्यात काय काय केलं?" मी विचारलं.

बोर्डाचं डिझाइन दोनदा बदललं, रंगाचे तीन भाव घेतले, मशीनवाल्याला रोज फोन. शिवाय मेहुण्यांनी सुचवलं म्हणून फळांना मेण लावायचं यंत्रही घ्यायचं ठरलं, मग कुणीतरी छोटं कोल्ड स्टोरेज सुचवलं.

"यातलं कोणतं थांबलं तर सगळं थांबेल?"

"सगळंच अर्जंट आहे ना मॅडम."

हे उत्तरही मला पाठ आहे. आळशी माणसाचं ते नसतंच. आपलं काम किती दिवसांत होईल याचा अंदाज बांधताना माणूस सगळं सुरळीत जाईल असं धरून चालतो. कानेमन आणि ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच या सवयीवर बोट ठेवलं होतं. पुढं 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं, प्रबंध किती दिवसांत संपेल? सरासरी अंदाज सुमारे 34 दिवसांचा होता, प्रत्यक्षात लागले 55 हून जास्त. सगळं बिघडलं तर किती लागतील, याचा त्यांचा अंदाज 49 च्या आसपास होता, म्हणजे तोसुद्धा कमीच पडला. हे आकडे ऐकून भाऊंनी पहिल्यांदा दुपट्टा सोडला.

मग मी चिठ्ठ्या काढल्या. एका चिठ्ठीवर एकच काम, आणि तेही 'झालं' किंवा 'नाही झालं' असं सांगता येईल इतकं लहान. 'मशीनचं बघणे' चालणार नाही, 'मशीनचा पाया भरणे' चालेल. पुढच्या भेटीत ते बावीस चिठ्ठ्या घेऊन आले आणि टेबलावर पसरून नुसते बघत बसले. कुठून सुरुवात करायची तेच सुचेना.

मी सहज विचारलं, "बाबा आंबिया कसा धरतात?"

"डिसेंबरात पाणी बंद. झाडं ताणावर सोडायची. जानेवारीत पाणी देऊन ताण तोडायचा, मग फूल धरते. माल दिवाळीच्या आगंमागं."

"आणि दसऱ्याच्या तोंडावर भरपूर पाणी दिलं तर?"

ते हसले. "तवा पाणी देऊन फळ थोडीच लागते बाप्पा!"

हसता हसताच थांबले. मग माझ्याकडे न बघता घटस्थापनेची चिठ्ठी टेबलाच्या पार टोकाला ठेवली आणि उलटे मागं येऊ लागले. सुरू करायच्या आधी मजुरांना शिकवणं, त्याआधी मशीनची चाचणी, त्याआधी मशीन बसवणं. बोर्ड, रंग, उद्घाटनाची पत्रिका आपोआप बाजूला गेली. ती कधीही झाली तरी चालणार होती. 1957 मध्ये ड्यूपाँ कंपनीसाठी वॉकर आणि केली यांनी हीच रीत गणितात बसवली. जिथं एक दिवस हुकला की शेवटची तारीखही एक दिवस हुकते, ती सगळ्यांत लांब साखळी आधी शोधायची. भाऊंनी ती बाबांच्या बागेतून शोधली. (रोज 'ताण' ऐकणाऱ्या मला तो शब्द बागेतही आहे हे त्या दिवशी नव्यानं जाणवलं.)

एक चिठ्ठी मात्र त्यांच्या हातातच होती.

"ही कुठं ठेवायची?"

कूलरचा आवाज तेवढा येत राहिला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'वीजजोडणी'. त्याशिवाय चाचणी होणार नव्हती. म्हणजे ती साखळीच्या अगदी मधोमध होती.

"अर्जात एक कागद कमी आहे. तीन हप्ते झाले, गेलोच नाही. साहेब म्हणतील, एवढंही जमत नाही का?"

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ पद्धतीनं काम करते, आणि अशा क्षणी तिच्याइतकी उपयोगी पद्धत मला दुसरी सापडलेली नाही. कुणी बोलू नये, ही इच्छा झाली. कुणी बोलताच कामा नये, ही मागणी. इच्छा मोडली तर माणूस खट्टू होतो. मागणी मोडेल या भीतीनं तो कचेरीत पाऊलच टाकत नाही आणि बोर्डाचे रंग बदलत बसतो. पुढच्या दोन भेटी आम्ही फक्त यावर घालवल्या. साहेब खरंच तसं बोलले तर नेमकं काय होईल? "वाईट वाटेल." बरं, मग? "मग... कागद देऊन येईन."

त्यांना नुसते श्वासाचे व्यायाम देऊन पाठवलं असतं तर त्यांनी शांतपणे उशीर केला असता. नुसता तक्ता दिला असता तर ती चिठ्ठी तिथंही हातातच राहिली असती. पूर्वी मी पहिली चूक बऱ्याचदा केली आहे. आता 'सगळंच अर्जंट' ऐकलं की मी आधी विचारते, कुठल्या कामाचं नाव काढायला जीभ अडखळते?

बाकीचं तुम्हीही करू शकता. यंदा काय करायचं नाही ते एका ओळीत लिहून घरातल्यांना दाखवा. भाऊंच्या कागदावर मेण आणि कोल्ड स्टोरेज होतं, आणि मेहुण्यांना ते दाखवणं हेच सगळ्यांत अवघड गेलं. प्रत्येक चिठ्ठीवर एकाच माणसाचं नाव असू द्या, 'आपण सगळे' नको. राखीव दिवस ठेवायचे तर साखळीच्या शेवटी एकत्र ठेवा. प्रत्येक कामात वाटले की ते कुणाला न दिसता खर्चतात. आणि दर आठवड्याला वीस मिनिटं बसून बघा. तेव्हा किती राबलो याचा हिशेब नको, साखळी किती सरकली ते मोजा.

ऑक्टोबरात भाऊंचा फोन आला. घटस्थापना हुकली होती, बारा दिवसांनी.

"पण मॅडम, हे मले ऑगस्टातच दिसलं होतं. बागवाल्यांना तवाच सांगून ठेवलं. कोणी काही बोललं नाही."

"आणि बोलले असते तर?"

"आयकून घेतलं असतं," ते म्हणाले. मागं मशीनचा आवाज येत होता.