डायपोलचा बाण उलटा कामून?

प्रश्न : सर, मी बारावीला आहे, औशाहून रोज लातूरला क्लासला जाते. इलेक्ट्रिक फील्डच्या रेषा प्लस चार्जकडून मायनसकडं जातात असं शिकवलं, आणि डायपोल मोमेंटचा बाण मात्र मायनसकडून प्लसकडं काढायला लावलाय. त्यात केमिस्ट्रीचे सर परत उलटा बाण काढतात. कोणाचं बरोबर धरायचं? लई गोंधळ व्हायलाय.

उत्तर : गोंधळ तुझ्या एकटीचा नाही पोरी, दरवर्षी कुणी ना कुणी हेच विचारतं. तू दोन वेगळ्या गोष्टींचे बाण एकच समजायलीस. रेषेचा बाण सांगतो की तिथं ठेवलेला प्लस चार्ज कुठं ढकलला जाईल, डायपोलचा (म्हणजे थोड्या अंतरावरच्या सारख्याच प्लस न् मायनस चार्जच्या जोडीचा) बाण सांगतो की ती जोडी कुठं तोंड करून बसलीय.

घरी कडबा असला तर वीतभर धाट घे, एका टोकाला कुंकू लाव, दुसऱ्याला चुना, मधोमध दोरा बांधून आडवं टांग. कुंकू प्लस, चुना मायनस. (धाटात खरा चार्ज नाही, नुसतं डोळ्यासमोर आणायला.) आता बाहेरून पूर्वेकडं जाणारं एकसारखं फील्ड आहे असं धर, कुंकवाचं टोक पूर्वेला ओढलं जाणार, चुन्याचं पश्चिमेला, जोर दोन्हीकडं सारखाच म्हणून धाट जागा सोडत नाही, नुसतं फिरतं आणि हेलकावे खात शेवटी कुंकू पूर्वेला करून थांबतं. मग तोंड कुठं झालं? फील्डच्याच दिशेला, म्हणजे चुन्याकडून कुंकवाकडं. हाच तो बाण. उलटा धरला असता तरी फिजिक्स बुडलं नसतं, पण टॉर्कच्या (फिरवणाऱ्या जोराच्या) न् एनर्जीच्या सूत्रांत उगी चिन्हं बदलत बसावं लागलं असतं.

पेपरात फसवतात ते दुसरीकडंच. डायपोलपासून लांब गेल्यावर त्याच्या अक्षावर फील्ड बाणाच्या दिशेनं असतं, आणि तेवढ्याच अंतरावर लंबदुभाजकावर ते बरोब्बर उलटं न् निम्मं.

राहिली केमिस्ट्री. त्या बाणाच्या शेपटीला आडवी रेघ असते बघ, तो बाण इलेक्ट्रॉन कुणीकडं सरकले ते दाखवतो. पाण्यात ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडं ओढतो, म्हणून त्यांचा बाण ऑक्सिजनकडं, आपला ऑक्सिजनकडून दोन हायड्रोजनच्या मधल्या दिशेला. आकडा दोघांचा एकच, 1.85 डिबाय (डिबाय हे डायपोल मोमेंट मोजायचं एकक). तेव्हा भांडण सरांचं नाही, फिजिक्सचा पेपर असला की शेपटीला रेघ असलेला बाण तेवढा विसर.