प्लेटलेटचं काम फक्त रक्त गोठवणं असेल, तर डेंग्यूत त्या कमी का होतात?

कारण काम तेवढंच नाही. जंतू ओळखणारे टीएलआर नावाचे ग्राही (रिसेप्टर) प्लेटलेटवरही असतात. डेंग्यूत रक्तात येणारं विषाणूचं एनएस-१ प्रथिन त्यांतल्या टीएलआर-४ द्वारे प्लेटलेटना चेतवतं. मग त्या पांढऱ्या पेशींना चिकटतात, दाह वाढवणारी रसायनं सोडतात आणि त्यातच संपत जातात. अस्थिमज्जेतलं उत्पादनही मंदावलेलं असतं.

मी सांगलीत रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. माझा भाचा इंजिनिअरिंगला असताना डेंग्यूने अ‍ॅडमिट होता. प्लेटलेटचा काउंट २२,००० वर आला आणि दाजींनी एसडीपीची (एकाच रक्तदात्याकडून काढलेल्या प्लेटलेटची) पिशवी हवीच म्हणून धोशा लावला. रक्तस्राव कुठेच नव्हता, डॉक्टर नको म्हणत होते, मीही नको म्हटलं. दाजी वॉर्डाबाहेर सगळ्यांसमोर म्हणाले, "मावशी रक्तपेढीत, आणि पोराला पिशवी मिळेना!" ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

भाच्याचा खरा धोका वेगळा होता. ताप उतरला त्याच दिवशी पोट दुखायला लागलं आणि पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं टक्क्यांतलं प्रमाण, ४१ वरून ४८ वर गेला. म्हणजे रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) झिरपत होता आणि रक्त दाट होत होतं. डॉक्टरांनी सलाइनचा वेग बदलला, ताई रात्रभर लघवी मोजून लिहीत होती. त्यावर तो सावरला. काउंट नंतर आपोआप चढला आणि श्रेय मिळालं पपईच्या पानांच्या रसाला! लग्नकार्यात अजून तेच ऐकवतात.

तुमच्या घरी कोणी आजारी असेल तर रोज नुसता काउंट विचारू नका; पीसीव्ही किती, लघवी किती झाली, उलट्या थांबल्या का, हे विचारा. बाहेरून दिलेल्या प्लेटलेट त्याच दाहात सापडतात, फार टिकत नाहीत. सिंगापूर-मलेशियात २०,००० किंवा त्याहून कमी काउंट असलेल्या ३७२ प्रौढांवरचा अभ्यास २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला: नुसती खबरदारी म्हणून प्लेटलेट देऊन रक्तस्राव कमी झाला नाही, त्रास मात्र जास्त जणांना झाला. पिशवी पाच दिवस टिकते. उगाच चढवलेली पिशवी ल्युकेमियाच्या एखाद्या पेशंटच्या वाट्याची असते. दाजींना हे मी तोंडावर सांगितलंय.

अर्थात मोठा रक्तस्राव असेल किंवा काउंट १०,००० च्या खाली गेला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे निर्णय डॉक्टरांचाच. आणि तापात आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने अजिबात घेऊ नका.