जलविज्ञानात पीएच.डी.: विषय ठरवण्याआधी आकडे बघा

प्रश्न : भूशास्त्रात एम.एस्सी. झालं आहे, ५८ टक्के आहेत. नागपूर न सोडता जलविज्ञानात पीएच.डी. होईल का? गेट द्यावी की नेट? (कामठी)

होईल. फक्त ‘जलविज्ञान’ अशी पाटी शोधत फिरू नका. त्या नावाचा स्वतंत्र विभाग रुरकीच्या आयआयटीत आहे. नागपुरात हा विषय विखुरलेला आहे. पूर आणि नदीप्रवाहासाठी व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेचा सिव्हिल विभाग, पाण्याच्या प्रदूषणासाठी नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, भूजलासाठी नागपूर विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग. तुमची पदवी बघता शेवटचं दार सगळ्यात सरळ. सीएसआयआर-नेटचा भूविज्ञानाचा पेपर द्या. जेआरएफ (संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, पुढे ४२,०००. ती हुकली तरी २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशाला धरतात, पण ते एकच वर्ष चालतात. गेटचा स्कोअर तीन वर्षं टिकतो, म्हणून जमलं तर दोन्ही द्या.

प्रश्न : वैनगंगेवर स्वॅट मॉडेल (पाऊस आणि जमिनीवरून नदीचा प्रवाह काढणारा संगणकीय प्रोग्राम) लावायचं आहे, सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा लिहिते आहे. नदीचा डेटा गोपनीय असतो म्हणतात, खरं का? (भंडारा)

गंगा, ब्रह्मपुत्रा, सिंधूच्या बाबतीत खरं. वैनगंगेचं पाणी प्राणहितेतून गोदावरीत जातं, त्यामुळे ती अट तुम्हाला नाही. केंद्रीय जल आयोगाचे रोजचे विसर्ग (नदीतून वाहणाऱ्या पाण्याचे आकडे) इंडिया-डब्ल्यूआरआयएस या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. पावसासाठी हवामान खात्याचा ०.२५ अंशांचा ग्रिड (चौकोनाचौकोनांत मांडलेला पाऊस) घ्या, तो १९०१ पासून आहे.

खरी अडचण पुढे येते. वैनगंगेवरचं आष्टीचं प्रवाह मोजणारं केंद्र गोसीखुर्द धरणाच्या खाली आहे. तिथला आजचा प्रवाह म्हणजे पाऊस अधिक दरवाजे उघडणाऱ्याची मर्जी. धरणात पाणी साठू लागण्याआधीच्या वर्षांवर कॅलिब्रेशन करा (मॉडेल मोजलेल्या प्रवाहाशी जुळवून घ्या), नाहीतर धरणाचे विसर्ग मॉडेलमध्ये घाला. सुरुवातीची दोन-तीन वर्षं वॉर्म-अपला, म्हणजे मॉडेल स्थिरावायला, सोडा.

आणि जून बघा. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिले पाऊस त्यातच मुरतात. स्वॅटमध्ये भेगांचा पर्याय मुळात बंद असतो (ICRK हे सेटिंग शून्य), म्हणून मॉडेल जूनमध्ये नदीला पूर आणतं आणि नदी मात्र कोरडी असते. अशा वेळी बरेच जण कर्व्ह नंबर (पावसातलं किती पाणी वाहून जाईल हे ठरवणारा आकडा) खाली ओढून जून जुळवतात. मग ऑगस्टचे पूर बुटके होतात. वर्षभराचा नॅश-सटक्लिफ (मॉडेलचा आणि मोजलेला प्रवाह किती जुळतो याचं माप) ०.५ च्या वर गेला की लोक खूश होतात. तुम्ही महिनेवार तपासा.

प्रश्न : काटोल भागातल्या निरीक्षण विहिरींवरून पुनर्भरण (पावसाचं किती पाणी भूजलात मुरतं ते) काढतो आहे. उत्तर ४०० मिलिमीटर येतं, गाइड वैतागले. चूक कुठे? (काटोल)

बहुधा विशिष्ट उत्पादकतेत, म्हणजे खडकातून सुटू शकणाऱ्या पाण्याच्या प्रमाणात. मे ते ऑक्टोबर पाणी ४ मीटर चढलं आणि तुम्ही पुस्तकातल्या वाळूसाठीचं ०.१० घेतलं, की ४०० झालेच. तुमच्याकडे बेसाल्ट आहे. झिजलेल्या बेसाल्टला १ ते ३ टक्के, साधारण ०.०२ धरतात. म्हणजे ८० मिलिमीटर.

आणखी तीन गोष्टी तपासा. टेप कठड्यावरून सोडला असेल तर कठड्याची उंची वजा झाली आहे का? त्या सकाळी शेजारचा पंप चालू होता का? आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं पावसाळ्यानंतरचं मोजमाप ऑक्टोबरच्या सुमारास असतं, केंद्रीय भूजल मंडळाचं नोव्हेंबरमध्ये. दोन्हींचे आकडे एका तक्त्यात मिसळले तर महिन्याभरातली घट पुनर्भरणात शिरते. शिवाय संत्र्याच्या बागांना पावसाच्या खंडात उपसलेलं पाणी वेगळं मिळवावं लागेल, ते पातळीत दिसत नाही.

प्रश्न : जलसंपदा खात्यात नोकरी आहे. अर्धवेळ पीएच.डी. चालते का? (नागपूर)

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत चालते. खात्याचं ना-हरकत पत्र लागतं. अभ्यासाला पुरेसा वेळ देऊ आणि लागल्यास कोर्सवर्कसाठी मोकळं करू, हे त्यात लिहिलेलं हवं. नुसतं ‘हरकत नाही’ असलं तर पत्र परत येतं. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं. मुदत किमान तीन, कमाल सहा वर्षं. पुनर्नोंदणीने आणखी दोन मिळू शकतात. बदलीची शक्यता असेल तर ज्याची मोजमापं आधीच जमा आहेत असाच विषय घ्या; स्वतः दर आठवड्याला पातळी मोजायचा बेत पहिल्याच बदलीत मोडतो.