परसबागेचं टपाल : पिवळ्या झुकिनीची पत्रं

साताऱ्यातल्या माझ्या परसात यंदा पिवळी झुकिनी (भोपळ्याच्या कुळातली, काकडीसारखी दिसणारी फळभाजी) आहे, एवढं एक वाक्य मी मागे याच पानावर ओझरतं लिहिलं होतं. त्यावर एवढी पत्रं आली की टोमॅटोवाले वाचक रुसले असणार. त्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत दम धरावा.

काकू, तीन रोपं आहेत, पानं ताटाएवढी झालीत. फळं बोटाएवढी होतात, मग पिवळी पडून टोकाकडून सडतात. पालाश खत दिलं, कॅल्शियम फवारलं. बियाणंच खराब निघालं का? – एक वाचक, कोल्हापूर

अहो, ती पिवळी पडत नाहीत, ती पिवळीच असतात! हिरव्या झुकिनीचं फूल वाया गेलं की मागचं फळ पिवळं पडतं, त्यामुळे निदान कळतं तरी. पिवळ्या जातीत मात्र फूल उमलायच्या आधीपासूनच त्याच्यामागचा बाळ-भोपळा हळदीसारखा असतो. रंगावरून काही समजायचं नाही. हात लावून बघा. टोक सुरकुतलेलं, मऊ लागलं की समजा, ते फळ धरलंच नव्हतं.

पहिल्या वर्षी मीसुद्धा बियाणेवाल्याशी भांडून आले होते. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काकू, फुलं किती वाजता बघता?" म्हटलं, पूजा आटोपून, दहाच्या पुढे. तर म्हणाला, "तोवर त्यांचं दुकान बंद होतं." मुकाट्यानं घरी आले.

आपली सवय दोडक्याची. दोडका संध्याकाळी फुलतो, दुधी दिवेलागणीला, पडवळ तर रात्री. झुकिनी पडली लाल भोपळ्याच्या गोतातली. ती पहाटे उमलते, ऊन चढलं की मिटते, आणि मिटलेलं फूल दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडत नाही. म्हणजे प्रत्येक मादी फुलाला आयुष्यात एकच सकाळ. शेतात मधमाश्या ते काम करतात. आपल्या चार भिंतींतल्या परसात किंवा चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत त्या येतीलच असं नाही, म्हणून ते काम आपण करायचं.

चहाचं आधण ठेवण्यापूर्वी बागेत जा. सहा ते आठ ही वेळ चांगली. ज्या फुलाचा देठ लांब आणि सडपातळ, तो नर. ज्याच्यामागे करंगळीएवढी झुकिनी चिकटलेली, ती मादी. नर फूल खुडा, पाकळ्या सोलून टाका आणि मधल्या दांड्यावरची पिवळी भुकटी मादी फुलाच्या आतल्या गोंड्यावर सगळीकडून हलकेच टेकवा. एका नरात दोन-तीन माद्या होतात. लागलं असेल तर तीन-चार दिवसांत फळ फुगलेलं दिसतं, आणि आठवड्याच्या आत-बाहेर काढायला येतं.

कधीकधी मादी उमलते आणि त्या दिवशी नर एकही नसतो. म्हणून सगळ्या बिया एकाच दिवशी लावू नका, आठ-दहा दिवसांच्या अंतरानं लावा. शेजारी हिरवी झुकिनी असेल तर तिचं नर फूल मागून आणलं तरी चालतं, तुमचं फळ पिवळंच होणार. दोडक्या-काकडीचं फूल आणू नका, उपयोग नाही.

राहिलं कॅल्शियम. टोक सडण्याचा एक खरा विकार आहे, पण तो वाढलेल्या फळाला होतो. टोक काळं, चामड्यासारखं कडक पडतं आणि त्याचं मूळ बहुतेकदा पाण्याच्या धरसोडीत असतं. तुमचं ते नाही. आणि ताटाएवढ्या पानांवरून दिसतं, की खत भरपूर झालंय. आता हात आवरा.

गच्चीवर पिशवीत एक रोप आहे. पानांवर शिरांच्या कडेनं पांढरे चट्टे आलेत. भुरी का? पाने काढू का? – एक वाचक, ठाणे

आधी बोटानं पुसून बघा. पीठ बोटाला लागलं तर भुरी, म्हणजे बुरशीचा रोग. नाही लागलं तर तो पानाचा जन्मजात रंग. झुकिनीच्या कित्येक जातींच्या पानांवर शिरांच्या बेचक्यात असे रुपेरी डाग असतात. मी स्वतः एकदा चांगली चार पानं कापून टाकली होती, म्हणून सांगते.

भुरीच असेल तर दूध. एक भाग दूध, नऊ भाग पाणी, आठवड्यातून एकदा, सकाळी, पानाच्या दोन्ही बाजूंना. हा बटव्यातला उपाय वाटेल, पण 1999 साली ब्राझीलमधले वाग्नर बेत्तिओल यांनी याचे प्रयोग प्रसिद्ध केले, आणि तेही नेमके झुकिनीवर. गंधकाची भुकटी घरात असेल तर ती रणरणत्या उन्हात मारू नका, या वेलवर्गाची पानं करपतात. अगदी खालची, म्हातारी, जमिनीला टेकलेली पानं खुशाल काढा.

आणि एकच रोप का? फुलांचं गणित वर सांगितलंच आहे. दुसरं लावा. पिशवी निदान दीड फूट रुंद, दीड फूट खोल हवी. मांडव नको, ही वेल चढत नाही, झुडपासारखी जागच्या जागी पसरते आणि मीटरभर जागा अडवते.

जूनमध्ये लावली तर चालेल का? – एक वाचक, चिपळूण

नको. तुमच्याकडच्या पावसात फुलातला पराग धुऊन जाईल आणि खोड कुजेल. दसरा झाला की लावा. आमच्या घाटावर मी सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर लावते, पुन्हा जानेवारीच्या शेवटी एक खेप. लावल्यापासून पन्नासेक दिवसांत पहिली तोडणी.

रोप दोन पानांवर असताना नारिंगी-लाल भुंगेरे येतात आणि पानांची चाळण करतात. पहाटे गारठ्यानं ते सुस्त असतात, तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाका. आई पानांवर चुलीची राख भुरभुरायची. आता चूल नाही, तर मी होळीची राख डब्यात भरून ठेवते. फळं लागायला लागली की फळमाशीचा सापळा टांगा. कृषी सेवा केंद्रात मागताना 'भोपळावर्गीयांचा' असं सांगा, नाहीतर आंब्याचा हातात देतील.

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ राहतो. इथे हिला कोर्झेट म्हणतात. घरामागे तीन वाफे आहेत. तुमचं वेळापत्रक इथे कसं लावायचं? – एक वाचक

उलटं करून. तुमचा मे म्हणजे आमचा ऑक्टोबर. एप्रिलअखेर घरात, खिडकीपाशी, कुंडीत बी लावा. बी आडवं न टाकता कडेवर उभं खोचा, म्हणजे त्यावर पाणी साचून कुजत नाही. दहिवर गोठायचं थांबलं, म्हणजे मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला, रोपं बाहेर न्या. पण एकदम नको. आठवडाभर दिवसा बाहेर, रात्री आत. माझी भाची तिकडे असते. तिची पहिली चार रोपं एका रात्रीत गोगलगायींनी संपवली. ती आता रात्री टॉर्च घेऊन वेचायला जाते.

मधमाश्या तुमच्याकडे बहुधा हातभार लावतील. तरी थंड, पावसाळी आठवडा असला की फुलांना पराग हातानंच लावा.

गेल्या वर्षीच्या एका निबर झालेल्या झुकिनीचं बी धरलं होतं. यंदाची फळं चितकबरी आणि थोडी कडवट आहेत. मीठ लावून पिळून घेतलं तर चालेल ना? – एक वाचक, नाशिक

नाही. हे एवढं एकच उत्तर मी दटावून देते आहे.

काकडीचा शेंडा घासून कडूपणा जातो असं आपण मानतो, तो हिशेब इथे लावू नका. भोपळ्याच्या कुळात कुकुरबिटासिन नावाचं कडू विष असतं. बाजारच्या जातींतून ते निवडून निवडून घालवलंय, पण परका पराग लागला की पुढच्या पिढीत परत येतं. झुकिनी, शोभेचे छोटे भोपळे, हॅलोविनला कोरतात ते भोपळे, या सगळ्यांची वनस्पतीशास्त्रातली जात एकच आहे आणि ती आपसात सहज मिसळतात. शिजवून हे विष जात नाही. जर्मनीतल्या हायडेनहाइममध्ये 2015 साली एक 79 वर्षांचे गृहस्थ शेजाऱ्याच्या बागेतली कडू झुकिनी खाऊन दगावले. कडू दुधीच्या रसाबद्दल आपल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या समितीनंही बजावलंय, की आधी तुकडा चाखा, कडू लागला तर रस काढूच नका.

तेव्हा कच्ची चकती जिभेला लावा, कडू लागली तर थुंका आणि ते रोप उपटा. बी दरवर्षी विकतचं आणा. पाकीट महाग आहे, मान्य. पण पाकिटावर संकरित लिहिलं असेल तर तुम्ही धरलेलं बी तसंही आईवर जाणार नाही.

चितकबरीबद्दल वेगळं सांगते. पिवळ्या फळावर हिरवे ठिपके, गाठी आणि त्याच रोपाची पानं आखडलेली असतील, तर तो मोझॅक विषाणूही असू शकतो. त्याला औषध नाही. मावा किंवा पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींनी तो शेजारच्या रोपावर नेण्याआधी रोप काढा.

पिवळीची चव हिरवीपेक्षा खरंच वेगळी असते का? आणि करायचं काय तिचं? – एक वाचक, सांगली

साल जरा कोवळी, चव किंचित गोडसर. शिजल्यावर रंग टिकतो हा माझ्या दृष्टीनं मोठा फायदा, कारण हिरवी शिजली की ह्यांना ती दुधी वाटते. पिवळी पहिल्यांदा केली तेव्हा ताटाकडे बघून म्हणाले, "काकडी पिकली होती वाटतं."

साल काढू नका. वीतभर झाली की तोडा, सुरीनं, बोटभर देठ ठेवून. एका लग्नासाठी चार दिवस पुण्याला गेले आणि परत आले तर पानांखाली वरवंटा! आत बिया टणक आणि गर कापसासारखा. त्याचं थालीपीठ केलं, किसून, पिळून, भाजणीत मिसळून. कोवळीची भाजी दोडक्यासारखीच करा, भिजलेली मूगडाळ आणि लसूण-मिरचीची फोडणी घालून, पण पाण्याचा थेंब घालू नका आणि मीठ शेवटी. तिच्यात पाणीच पाणी असतं.

आणि जास्तीची नर फुलं असतात ना, कोल्हापूरच्या वाचकांनीही ऐकावं, ती वाया जाऊ देऊ नका. आतला दांडा काढा, मुंगी आहे का बघा, डाळीच्या पिठात ओवा घालून भजी तळा. सकाळी खुडलेली सकाळीच, दुपारपर्यंत ती मलूल होतात.